ग्योंगजूची टेकाडं: सोन्याचा मुकुट निघाला म्हणजे ते राजाचंच थडगं का?

अनघड

दक्षिण कोरियातल्या ग्योंगजू शहरात, अगदी वस्तीच्या मधोमध, हिरवळीने झाकलेली मोठमोठी टेकाडं आहेत. सिल्ला राज्याच्या चौथ्या ते सहाव्या शतकांतली ही थडगी. त्यावर बरंच वाचलं, पण गुंता सुटण्याऐवजी वाढला. जाणकारांनी कृपया सांगावं:

१) चॉनमाचोंग नावाच्या टेकाडातून सोन्याचा मुकुट, सोन्याचा कमरपट्टा आणि ११ हजारांवर वस्तू निघाल्या. तरीही ते कोणत्या राजाचं हे कुणीच ठामपणे लिहीत नाही. मुकुट हातात असून राजा सापडत नाही, हे कसं?

२) या थडग्यांना दार नाही, भुयार नाही. मग मृताला आत ठेवलं कसं? आणि चोरांना दीड हजार वर्षं जमलं नाही ते का?

३) ऐवजावरून श्रीमंती कळते, मान्य. पण राज्य कसं चाललं होतं हे थडग्यावरून कसं काढतात?

जाता जाता: विदर्भात जुनापाणी, माहूरझरीच्या शिलावर्तुळांतही दगडगोट्यांचा भराव असतो. त्याचा आणि याचा काही संबंध?

---

थरनोंद

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं तिथूनच निघतात.

आत शिरायला वाटच नव्हती, म्हणून आधी थडगं बांधून मग माणूस आत नेणं शक्य नव्हतं. थडगं माणसाभोवती रचत गेले. चॉनमाचोंगचा क्रम साधारण असा: जमीन सपाट करून चिकणमाती आणि खडीचा पाया घातला. त्यावर ओंडक्या-फळ्यांची कोठी उभारली, लांबी सुमारे ६.६ मीटर, रुंदी ४.२, उंची २.१. कोठीत शवपेटी ठेवली, मृताचं डोकं पूर्वेला. डोक्याच्या बाजूला वस्तूंची वेगळी पेटी. कोठीवर झाकण पडलं की वर गोलसर दगडांची रास, साडेसात मीटर उंच, तळाशी २३ मीटरच्या वर व्यास. राशीवर चिकणमातीचा जाड लेप, म्हणजे पाणी आत झिरपू नये. त्यावर मातीचा ढिगारा आणि ढिगाऱ्याची माती घसरू नये म्हणून तळाला दगडांचं कडं. तयार टेकाड ४७ मीटर व्यासाचं आणि १२.७ मीटर उंचीचं.

इथे एक दुरुस्ती आवश्यक आहे. जुन्या पुस्तकांतल्या आकृतीत दगड नुसते कोठीवर ओतल्यासारखे दिसतात. तसं केलं असतं तर ओलं लाकूड बाजूच्या दाबाने आधीच मोडलं असतं. त्याच शहरातलं गुमग्वानचोंग नावाचं थडगं २०१५ मध्ये पुन्हा खणलं तेव्हा राशीच्या आत लाकडी खांब रोवल्याच्या खुणा मिळाल्या. म्हणजे आडव्या-उभ्या वाशांची चौकट आधी उभारली आणि तिच्या आधाराने कोठीच्या बाजूचे दगड थराथराने रचले. कोठी उघडी असताना बाजूचे दगड झाकणाच्या उंचीपर्यंत येत, मग अंत्यविधी, मग झाकण, मग माथ्यावरचे दगड. काम दोन टप्प्यांत होत होतं आणि त्यांच्या मध्ये विधी होता.

दगड किती लागत असतील? जोकसेम भागातलं ४४ क्रमांकाचं थडगं २०१४ ते २०२३ एवढी वर्षं खणत होते. तिथे राशीतला प्रत्येक दगड मोजला: १ लाख ६४ हजारांच्या आसपास, वजन सुमारे ९९० टन. आणि हे मधल्या आकाराचं थडगं, व्यास जेमतेम ३० मीटर. दगड नदीतले, गुळगुळीत, एका माणसाला उचलता येतील एवढे. पाथरवटाचं काम जवळजवळ नाहीच. लागतात ते खूप हात, त्यांना जेवण, आणि ठरलेल्या दिवसांत ते एका जागी आणू शकणारा कुणीतरी. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचा पहिला तुकडा हाच.

आता चोर. काही दशकांत लाकूड कुजतं, झाकण खचतं आणि माथ्यावरचे दगड कोठीत कोसळतात. वरून टेकाडाच्या डोक्याला खळगा पडतो. त्यानंतर आत पोकळी उरत नाही. बाजूने बोगदा घातला की सुटे दगड धान्याच्या कणगीतून दाणे यावेत तसे खाली येत राहतात. त्यामुळे मोठी टेकाडं बहुतेक शाबूत राहिली. बेकजे आणि गोगुर्यो या शेजारच्या राज्यांची दगडी खोल्यांची थडगी मात्र वाटेने उघडत, आणि ती जवळपास सगळी लुटली गेली. बेकजेच्या मुर्योंग राजाचं १९७१ मध्ये सापडलेलं थडगं हा ठळक अपवाद.

या सुरक्षिततेची किंमत वस्तूंनी मोजली. भांडी चेपली, मुकुट वाकले, लाकूड-कापड गेलं. ग्योंगजूची माती आम्लधर्मी असल्याने हाडंही क्वचितच उरतात. लोकांना ‘न लुटलेलं थडगं’ म्हटलं की मांडून ठेवलेली खोली डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात दगडांखाली चेपलेल्या वस्तूंचा वीतभर जाडीचा थर असतो.

विदर्भाचा संबंध नाही. तिथली शिलावर्तुळं सिल्लाच्या या थडग्यांहून कित्येक शतकं जुनी आहेत आणि रचनाही निराळी. मेल्यावर दगड रचणं जगभर आढळतं. त्यावरून नातं जोडायला गेलं की फसगत होते.

---

कोरीव

वरच्यांनी बांधकाम छान उलगडलं. मी पहिल्या प्रश्नाचं घेतो.

आधी नावं. कोरियन भाषेत ‘नुंग’ म्हणजे कुणाचं ते ठाऊक असलेलं राजाचं किंवा राणीचं थडगं. ‘चोंग’ म्हणजे ऐवज थोर, पण मालक अज्ञात. म्हणून चॉनमाचोंग हे ‘दिव्य अश्वाचं थडगं’. घोड्याच्या अंगावर चिखल उडू नये म्हणून खोगिराखाली जी झडप लोंबते, ती तिथे भूर्जाच्या सालीची निघाली आणि तिच्यावर पांढरा धावता घोडा रंगवलेला आहे. गुमग्वानचोंग म्हणजे सुवर्णमुकुटाचं थडगं. १९२५ च्या सुमारास टेकाडांना क्रमांक दिले गेले, त्यात चॉनमाचोंग १५५ वं आणि ह्वांगनाम देचोंग ९८ वं. नावातच कबुली आहे की मालक माहीत नाही.

सिल्लाचे आजवर सहा सोन्याचे मुकुट ज्ञात आहेत. पाच थडगी खणून, एक चोरट्या खोदकामातून बाहेर येऊन नंतर हस्तगत झालेला. ‘सोन्याचा मुकुट म्हणजे राजा’ हे समीकरण याच सहा मुकुटांनी मोडलं.

ह्वांगनाम देचोंग हे दोन टेकाडं जोडलेलं थडगं, आडव्या ठेवलेल्या भोपळ्यासारखं. उत्तर-दक्षिण लांबी १२० मीटर, उंची २२-२३ मीटर, १९७३ ते १९७५ खणलं. दक्षिणेकडच्या टेकाडात सुमारे साठीचा पुरुष, कमरेला तलवार. उत्तरेकडच्या टेकाडात तलवार बांधलेली नाही, आणि कमरपट्ट्याच्या चांदीच्या टोकावर कोरलंय: ‘बुइनदे’, बाईसाहेबांचा पट्टा. सोन्याचा मुकुट कुणाकडे? बाईंकडे. पुरुषाकडे मुलामा दिलेला तांब्याचा मुकुट. दक्षिण टेकाडाच्या कडेचं दगडी कडं एका बाजूने मोडून त्यावर उत्तर टेकाड चढवलंय, म्हणून पुरुष आधी गेला आणि बाई नंतर, हा क्रम पक्का. दार नसलेल्या थडग्यात नंतर दुसऱ्याला ठेवताच येत नाही. जोडप्याला जवळ ठेवायचं तर शेजारी दुसरं टेकाड रचून चिकटवणं एवढाच मार्ग होता.

गुम्न्योंगचोंगमधला सोन्याचा मुकुट इतका लहान आहे की तो लेकराचा असावा. म्हणजे सोन्याचा मुकुट पद सांगत नाही, कूळ सांगतो: राजघराण्यातला माणूस, मग तो बाई असो, मूल असो.

मुकुट जिवंतपणी घालत होते का यावरही वाद आहे. काही थडग्यांत तो कपाळावर नव्हता, चेहरा झाकत पार खाली आलेला आढळला. शिवाय पत्रा पातळ, उभे पट्टे खिळ्यांनी जेमतेम अडकवलेले, चॉनमाचोंगच्या मुकुटावर कोयरीच्या आकाराचे ५८ जेड मणी लोंबतात. असा मुकुट घालून घोड्यावर बसणं सोडा, मान वळवणंही अवघड. त्यामुळे हा अंत्यविधीचाच साज असावा असं मानणारे अभ्यासक आहेत. मला ते पटतं, पण सगळ्यांना पटत नाही.

आता खरी मेख. गुमग्वानचोंग १९२१ मध्ये घराच्या कामात उघडं पडलं आणि चार दिवसांत घाईघाईने रिकामं केलं गेलं. त्यातल्या एका तलवारीचा गंज २०१३ मध्ये काढताना अक्षरं दिसली: ‘इसाजी राजा’. २०१५ च्या खोदकामात म्यानाच्या टोकावर पुन्हा तेच नाव, ‘इसाजी राजाची तलवार’. सिल्लाच्या राजांच्या यादीत इसाजी नावाचा कुणीही नाही.

गोंधळ वाटतो ना? पण इ.स. ५०३ चा नेंगसुरी शिलालेख (१९८९ मध्ये सापडला) शेजारी ठेवा. मालमत्तेच्या तंट्याचा निवाडा आहे तो. निवाडा करणारे सात जण, आणि लेखात त्या सातांना मिळून ‘हे सात राजे’ म्हटलंय. राजधानी सहा विभागांत वाटलेली होती आणि त्यांतले बडे पुढारी स्वतःला राजे म्हणवत होते. मुख्य राजाला ‘मारिपगान’ अशी पदवी होती. तो पहिल्या पाटावर बसायचा, पण पाट अनेक होते.

म्हणून ‘मुकुट आहे तर राजा कोणता?’ हा प्रश्नच पाचव्या शतकातल्या सिल्लाला लागू पडत नाही. एकमेव राजा असतो हे आपण गृहीत धरलेलं आहे, त्यांनी नाही.

---

अनघड

‘पाट अनेक होते’ हे लक्षात राहील. पण मग काळ कसा ठरवतात? लेख मिळाला की साल मिळतं ना? सोबोंगचोंगच्या चांदीच्या भांड्यावर सालासकट लेख आहे असं वाचलंय.

---

गोळाबेरीज

तिथेच सगळे घसरतात. दोन भांड्यांची गोष्ट सांगतो, दोन्ही ग्योंगजूचीच.

सोबोंगचोंगच्या भांड्यावर वर्ष आहे ‘सिनम्यो’. ही साठ वर्षांच्या चक्रातली गणना. आपल्याकडे प्रभव-विभव संवत्सरांचं चक्र आहे, तसंच. नुसतं ‘विलंबी संवत्सर’ लिहिलं तर कोणत्या साठीतलं ते कळत नाही. सिनम्यो ३९१ असू शकतं, ४५१ किंवा ५११ सुद्धा. बहुतेक जण ४५१ धरतात, पण ते भांड्याच्या घडणीवरून आणि सोबतच्या वस्तूंवरून. लेखाने फक्त तीन पर्याय दिले.

दुसरं होउचोंग. १९४६ मध्ये, स्वातंत्र्यानंतर कोरियन संग्रहालयाने केलेलं पहिलं उत्खनन. काशाच्या वाडग्याच्या तळाशी गोगुर्योच्या ग्वांगेतो राजाचं नाव आणि ‘उल्म्यो’ वर्ष, म्हणजे ४१५. इथे साठीचा घोळ नाही, कारण राजा नाव घेऊन सांगितलाय. तर मग थडगं ४१५ चं? नाही. सोबतची मातीची भांडी आणि दागिने सहाव्या शतकाच्या सुरुवातीचे. वाडगा शंभरेक वर्षं घरात जपला गेला आणि मग पुरला गेला.

सोन्याच्या, काशाच्या, काचेच्या मौल्यवान वस्तूवरचं साल ‘त्यानंतर कधीतरी’ एवढंच सांगतं. काळ ठरतो तो रोजच्या मातीच्या भांड्यांवरून, कारण ती फुटतात, बदलतात, कुणी जपत नाही. उंच पायाच्या थाळीचा पाया किती लांब, त्याला खिडक्या किती आणि कशा, झाकणाची कड कशी, यावरून थडग्यांचा आधीनंतरचा क्रम लागतो. त्या क्रमाला साल चिकटवताना मात्र भांडणं सुरू होतात. ह्वांगनाम देचोंगच्या दक्षिण टेकाडातला पुरुष नेमुल (मृत्यू ४०२), सिल्सोंग (४१७) की नुल्जी (४५८)? तिघांचेही पाठीराखे आहेत. पन्नास वर्षांचा फरक, आणि त्यावर अख्ख्या राज्याच्या वाढीची कहाणी पुढेमागे होते. चॉनमाचोंगसाठी सोजी (५००) आणि जिजुंग (५१४) ही दोन नावं घेतली जातात.

बाई की पुरुष, हेही असंच. हाडं नसतात, म्हणून कमरेला बांधलेली तलवार असेल तर पुरुष, चातीची मातीची चकती असेल तर स्त्री, जाड पोकळ कड्यांची कर्णभूषणं स्त्रीकडे आणि बारीक कड्यांची पुरुषाकडे, असे ठोकताळे आहेत. तलवार ‘बांधलेली’ हवी. वस्तूंच्या पेटीत ठेवलेल्या तलवारी मोजायच्या नाहीत, त्या स्त्रियांच्या थडग्यांतही असतात. म्हणून वस्तू कोणत्या निघाल्या यापेक्षा त्या अंगावर होत्या, शवपेटीबाहेर होत्या की पेटीत, ही नोंद मोलाची. १९२१ च्या चार दिवसांत नेमकी तीच नीट झाली नाही.

---

मणीमाळ

जुनं खोदकाम वाया गेलं असं मात्र नाही. १९२० च्या दशकातल्या मंडळींना शवपेटी आणि सोनं हवं होतं, त्यामुळे टेकाडाची कड त्यांनी सोडून दिली. सोबोंगचोंग १९२६ मध्ये खणलं, स्वीडनचे युवराज तिथे हजर होते म्हणून नावात ‘सो’ हे स्वीडनचं अक्षर. ते २०१६-१७ मध्ये पुन्हा उघडलं तेव्हा कडेच्या दगडी कड्याभोवती २७ मोठे रांजण मिळाले. रांजणांत ७,७०० प्राणी-अवशेष! बहुतेक शिंपले आणि मासे, त्यांतच डॉल्फिन आणि केंड (अंग फुगवणारा विषारी मासा).

केंडाकडे लक्ष द्या. त्याचं विष काढून तो रांधणारे जाणकार आचारी हवेत. समुद्र तिथून काही कोसांवर, म्हणजे ताजा माल वेगाने आणायची सोय हवी. शिंपल्या-माशांच्या हंगामावरून हा नैवेद्य शरद ऋतूतला असंही निघालं. कोठी झाकल्यावर, टेकाड रचून झाल्यावर बाहेर केलेला विधी आहे हा. सोन्याने जे सांगितलं नाही ते माशांच्या काट्यांनी सांगितलं.

काचेचंही असंच. सिल्लाच्या थडग्यांतून भूमध्य समुद्राकडच्या आणि पश्चिम आशियाच्या काचेची वीसहून अधिक भांडी आली. एवढी काच शेजारच्या बेकजेत किंवा गोगुर्योत नाही. ह्वांगनाम देचोंगच्या दक्षिण टेकाडात पक्ष्याच्या चोचीसारखं तोंड असलेली काचेची सुरई आहे. तिचा कान तुटला होता, तो सोन्याची तार गुंडाळून दुरुस्त केलाय. तिथे फुटकी काच सांधायला सोनं वापरलं जायचं. तिसऱ्या शतकातल्या चिनी नोंदीत कोरियाच्या दक्षिण भागातल्या लोकांबद्दल लिहिलंय की ते मण्यांना धन समजतात, सोन्याचांदीला नाही. दोनशे वर्षांत चित्र पालटलं, पण चमकदार मण्या-काचेचा सोस गेला नाही.

सर्वांत आवडता तुकडा म्हणजे जोकसेम ४४. पाचव्या शतकाचा उत्तरार्ध, मृत मुलगी सुमारे दहा वर्षांची, उंची १३० सेंटिमीटरच्या आसपास. मुलामा दिलेला मुकुट आणि जोडे, सोन्याची कर्णभूषणं. शिवाय दगडाचा खल आणि बत्ता, अभ्रकाचे तुकडे, आणि साधारण ८६० लहान गोटे, काळे, पांढरे, करडे. पटावर सोंगट्या म्हणून वापरतात तसले. दहा वर्षांच्या पोरीपाशी खलबत्ता आणि सोंगट्या! पटावरचा खेळ पुरुषांचाच असावा हे तोवर गृहीत होतं, ते या गोट्यांनी डळमळलं. घोड्याच्या साजावर रत्नभुंग्याचे हिरवे चमकणारे पंख लावलेले पानाच्या आकाराचे दागिनेही आहेत.

हे भुंग्याचे पंख सांभाळणं हा वेगळाच ताप आहे. मातीत ओलावा होता तोवर रंग टिकला. वर काढून वाळू दिले की चकाकी जाते आणि पंख ठिसूळ होतात. ह्वांगनाम देचोंगचं पंखांनी मढवलेलं खोगीर म्हणूनच ग्लिसरिनमध्ये, अंधारात ठेवलंय. प्रदर्शनात दिसते ती बहुधा प्रतिकृती. भूर्जसालीवरचा घोडाही क्वचितच बाहेर येतो. २०२३ मध्ये उत्खननाला ५० वर्षं झाली तेव्हा तो दाखवला होता.

---

पडवीतला

सगळं वाचतोय. अयोध्येच्या राजकन्येचा उल्लेख अजून कुणीच केला नाही? तिचं थडगंही तिकडेच आहे ना?

---

कोरीव

@पडवीतला, ते गाया नावाचं शेजारचं राज्य, सिल्ला नव्हे. हो ह्वांग-ओक ही ‘आयुता’ देशातून समुद्रमार्गे आली आणि गायाच्या सुरो राजाची राणी झाली, ही कथा तेराव्या शतकातल्या ‘सामगुक युसा’ ग्रंथात आहे. प्रसंग सांगितलाय पहिल्या शतकातला, म्हणजे मध्ये बाराशे वर्षं. आयुता म्हणजे अयोध्या हे नंतरचं जुळवणं. गिम्हे शहरात तिचं म्हणून दाखवतात ते थडगं परंपरेने तिचं, उत्खननाने नव्हे. अयोध्येतलं स्मारक २००१ चं.

---

मणीमाळ

भारताशी वस्तूंचा धागा शोधायचाच तर मण्यांकडे बघा. काचेची नळी ओढून तिचे बारीक तुकडे पाडायचे आणि कडा तापवून गोल करायच्या, ही पद्धत दक्षिण भारतात रुजली आणि तिथून आग्नेय आशियात पसरली. पुद्दुचेरीजवळचं अरिकामेडू हे तिचं नावाजलेलं ठिकाण. असे एकरंगी बारीक मणी कोरियातल्या थडग्यांत ढिगाने मिळतात. पण कोरियात मिळालेला प्रत्येक मणी भारतातून गेला असं म्हणता येत नाही. पद्धत तीच असली तरी काच कुठली हे रासायनिक तपासणीनेच कळतं. ग्योंगजूला मिचू राजाच्या थडग्याजवळ मिळालेल्या प्रसिद्ध मण्यात बारीक मानवी चेहरे आणि पक्षी आहेत. त्याचं मूळ पूर्व जावाकडे शोधलं जातं.

---

थरनोंद

आता तिसऱ्या प्रश्नाचं राहिलेलं, म्हणजे राज्य कसं चालत होतं. तीन गोष्टी बघा.

एक, वाटप. ग्योंगसानचं इमदांग, दक्षिणेला बुसानचं बोकचॉन-दोंग, पश्चिमेला चांगन्योंग अशा ठिकाणच्या स्थानिक पुढाऱ्यांच्या थडग्यांत सिल्लाच्या घडणीचे मुकुट, कर्णभूषणं, कमरपट्टे सापडतात. पण मुकुट मुलामा दिलेले, सोन्याचे नाहीत. थडग्याची रचना मात्र गावची. म्हणजे केंद्राने माणूस नेमला नव्हता. जुन्याच पुढाऱ्याला साज देऊन बांधून ठेवलं होतं. वतनाची वस्त्रं देण्यासारखाच प्रकार. जिथे साज येणं थांबतं आणि मोठी टेकाडं रचणं बंद होतं, तिथे थेट अधिकारी आला असं समजायचं.

दोन, लोखंड. ह्वांगनाम देचोंगच्या दक्षिण टेकाडात हजाराहून अधिक चपट्या लोखंडी पट्ट्या मिळाल्या. हा कच्चा माल, काही प्रमाणात चलनही. पुढच्या वर्षीच्या नांगरांचं, भाल्यांचं लोखंड जमिनीत पुरून टाकणं परवडणारा माणूस लोखंडाच्या पुरवठ्यावर हात ठेवून होता.

तीन, सोबत पुरलेली माणसं. हा भाग अवघड आहे. ह्वांगनाम देचोंगच्या दक्षिण टेकाडात त्या पुरुषाखेरीज एका तरुण मुलीची हाडं मिळाली. इमदांगला माती हाडांना मानवते, तिथे मालकाच्या पायाशी आणि वस्तूंच्या कोठीत ठेवलेली माणसं स्पष्ट दिसतात. ‘सामगुक सागी’ ग्रंथात ५०२ सालची नोंद आहे: राजा गेला की पाच पुरुष आणि पाच स्त्रिया सोबत पुरायची रीत होती, ती जिजुंगने बंद केली.

पुढची सालं ओळीने लावा. ५०२ ला ही बंदी. ५०३ ला मारिपगान पदवी सोडून ‘राजा’ ही पदवी आणि सिल्ला हे नाव पक्कं केलं. नेंगसुरीचे सात राजेही त्याच वर्षीचे, जुनी रीत शेवटच्या श्वासात. ५२० ला कायदे आणि अधिकाऱ्यांच्या पोशाखाचे रंग ठरले, ५२७ ला बौद्ध धर्माला मान्यता. याच काळात मोठी दगडी रास रचणं थांबतं. त्यानंतरची राजकुळाची थडगी शहराच्या सपाटीवरून पश्चिमेच्या डोंगरपायथ्याला सरकतात. दगडी खोली, आडवी वाट, दार, आत मोजक्या वस्तू. दर्जा पोशाखाच्या रंगाने ठरू लागल्यावर तो टेकाडाच्या उंचीने दाखवायची गरज उरली नाही. पैसा आणि मजूर देवळांकडे वळले. ६८१ मध्ये गेलेल्या मुनमू राजाने तर दहन करून घेतलं.

माझा आग्रह एवढाच, की मोठी थडगी म्हणजे बलाढ्य राज्य असं सरळ वाचू नका. सिल्लात सर्वांत मोठं टेकाड रचलं गेलं तेव्हा राजा इतर पुढाऱ्यांपेक्षा जरासाच उंच होता, म्हणून त्याला ती उंची दाखवावी लागत होती.

---

गोळाबेरीज

+१. फक्त ५०२ च्या बंदीबद्दल जरा सावध. बंदी आली म्हणजे त्या दिवसापासून थांबलं, आणि पाच-पाच हा आकडा म्हणजे सर्वत्र दहाच, असं नाही. तो ग्रंथ ११४५ चा आहे. थडग्यांतली संख्या कमीजास्त दिसते. आणि वस्तूंच्या कोठीतला प्रत्येक सांगाडा बळीचा, असं धरण्याआधी तो मालकाबरोबर एकाच वेळी ठेवला गेला का हे थरांवरून तपासावं लागतं.

---

अनघड

सगळ्यांचे आभार. प्रश्न मुकुटाचा होता, उत्तर मासे आणि गोट्यांतून आलं. प्रत्यक्ष जागेवर हे सगळं कुठे आणि काय बघावं?

---

थरनोंद

देरुंगवॉन उद्यानात चॉनमाचोंग आतून उघडं केलंय, टेकाड अर्धं कापून दाखवलंय. आत गेल्यावर लगेच काचेतल्या मुकुटाकडे वळू नका. आधी मान वर करून दगडांच्या राशीचा काप बघा: गोटे, त्यावरचा चिकणमातीचा पट्टा, मग भुसभुशीत माती. वस्तू बहुतेक प्रतिकृती आहेत, मूळ ग्योंगजूच्या राष्ट्रीय संग्रहालयात. नंतर पायी गुमग्वानचोंगच्या जागेवर जा. तिथल्या दालनात राशीला आधार देणारी लाकडी चौकट उभी करून दाखवलीय, जुन्या आकृत्या कुठे चुकत होत्या ते एका नजरेत कळतं. ह्वांगनाम देचोंगला बाहेरूनच फेरी मारायची आहे. दोन टेकाडं जिथे मिळतात त्या खोलगट खांद्यासमोर उभे राहा. उत्तरेचं टेकाड दक्षिणेच्या कड्यावर चढलंय ते तिथेच.